नववी ब, शुक्रवारचा तास

इतिहासाचे सर रजेवर. जाताना म्हणाले,
'तो जर्मनीचा धडा तेवढा उरकून टाका, टीचर.'
मी जीवशास्त्राची. मला सनावळ्या येत नाहीत.
म्हणून म्हापशाच्या बाजारातून मयड्याचं एक केळं घेतलं,
मीठ, भांड्यांचा साबण, गाळणं,
आणि रात्रभर बर्फात ठेवलेलं स्पिरिट.
'फेणी चालेल?' मागच्या बाकावरून कोणीतरी. वर्ग फुटला.
'नाही. ती कमी पडते.' वर्ग पुन्हा फुटला.

मग लिओनिल्डाने परीक्षानळी तिरकी धरली
आणि स्पिरिट काठाकाठाने सोडलं.
दोन थरांच्या मधून
पांढरं काही तरंगत वर आलं,
वातीच्या कापसासारखं.
'हाच डीएनए,' म्हटलं. 'केळ्याचा.
तुमचाही असाच दिसतो. सगळ्यांचाच.'

तेव्हा सांगितलं:
त्या देशातही जीवशास्त्राच्या बाई होत्या.
फळ्यापुढे एखाद्या मुलाला उभं करून
त्याचं नाक मोजत, कपाळ मोजत,
बाकीच्यांना आकडे वहीत उतरवायला लावत.
माझ्या टेबलावर लाकडी पट्टी होती.
बोलता बोलता मी ती खणात सारली.

मग जंगलातला खड्डा. कितीतरी वर्षांनी निघालेली हाडं.
मांडीच्या हाडाची चिमूटभर पूड,
आणि दूर कुठल्याशा शहरात एक म्हातारी,
गालाच्या आतून कापूस फिरवून घेणारी,
आपल्याला भाऊ होता एवढंच आठवणारी.
जुळलं, की क्रमांक खोडून नाव लिहितात.

'आणि ज्यांना जाळलं?'
राखेत काही सापडत नाही, म्हटलं.
'आणि हाड आहे, पण जुळवायला घरचं कोणीच उरलं नाही, तर?'
पुस्तकात साठ लाख एका ओळीत मावले आहेत.
मी नळीकडे बघत राहिले.

साईल पागी उभा राहिला. वर्षभरात
हजेरीखेरीज ज्याचा आवाज ऐकला नव्हता.
'टीचर, माझा घेतलेला कापूस.
शापोऱ्याला ट्रॉलर उलटला तेव्हा.
वेर्ण्याच्या लॅबमध्ये पाठवला. एकवीस दिवसांनी फोन आला.'
बसता बसता म्हणाला,
'म्हणून बाबाला घरी आणता आलं.'

घंटा झाली. कोणी उठलं नाही.
केळ्याची साल टेबलावर काळी पडत होती.
लिओनिल्डाने नळीला बूच लावलं
आणि हळूच विचारलं,
हे आता टाकायचं कुठे.