हात लावू नये

रात्रीचे पावणेदोन. नळ स्टॉपजवळची लॅब,
खालचं अमृततुल्यही बंद.
स्क्रीन म्हणते, नवं पॅकेज हवं
तर जुनी लायब्ररी काढा.
काढली तर सोबत चौदा गोष्टी जातील,
त्यात रक्ताचे रिपोर्ट छापणारा
शहाण्यांचा प्रोग्राम.

शहाणे निवृत्त. वारज्यात असतात.
या वेळी फोन कसा करायचा?
कोडमध्ये त्यांचीच ओळ सापडते:
‘हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.’

नाही लावत.
जुनीला कोपऱ्यात वेगळी जागा देते,
तो पत्ता फक्त शहाण्यांच्या प्रोग्रामला सांगते.
बाकीच्यांना नवी.
एका घरात दोन चुली,
चालतंय तोवर.

पावणेचारला प्रिंटर खरखरतो.
कुणी मंदाकिनी ढमढेरे,
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ.
कमीच आहे, बाई.
पालक खात जा.