पांढऱ्या पायाचा

जानेवारीतला तो रविवार आला की
मी स्वतःहून ड्यूटी मागून घेतो.
डोलोरेस वायरलेसवर हसते : ओव्हरटाइमचा हावरा.
हसू दे.
मी पाहिलं की ते हरतात, हे तिला कशाला सांगू?

पहिल्यांदा नऊ वर्षांचा होतो.
बाबा पोलाद कारखान्यातून पहिली पाळी करून आलेले,
बूट न काढताच टीव्हीपुढं बसलेले.
सहा सेकंद उरले होते. मी शेंगदाण्यांची वाटी घेऊन
आत आलो, आणि चेंडू
खांबाच्या बाहेरून गेला,
उधारी असलेल्या माणसानं रस्ता बदलावा तसा.
बाबांनी वाटीकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.

नंतर कॉलेजात. मग लग्नाच्या वर्षी.
मग बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा :
चौदा पॉइंटांची आघाडी,
रोवेना नावाची नर्ससुद्धा सलाईन बदलायचं विसरून उभी.
मी फक्त दारातून डोकावलो.

तेव्हापासून अकरा जानेवारी
मी या गावाचे रस्ते खरवडतोय.
रेडिओ बंद. वायपर, फाळ, आणि
सरोवरावरून येणारा वारा, जो कुणाच्याच बाजूचा नाही.
अकरातल्या चार वर्षी आम्ही इथवर पोचलोच नाही,
सात वर्षी पोचलो आणि हरलो.
म्हणजे माझ्या न पाहण्यानंही काही होत नाही.
एवढं गणित मला येतं.
पण गणित येणं वेगळं
आणि त्या दिवशी सोफ्यावर जाऊन बसणं वेगळं.

आज सगळं गाव देव बर्फात ठेवून बसलंय.
वॉरसॉ स्ट्रीटवर माणूस नाही, कुत्रं नाही.
खिडक्यांत निळा उजेड, पडद्यावर सावल्या,
सावल्या उठतात, बसतात,
एक सावली डोक्यावर उशी धरून उभी.
मी पाहत नाही. म्हणजे, पाहतो,
पण खिडक्याच.

कोपऱ्यावर मिसेस सोबचाक.
वय ऐंशीच्या पुढं, झग्यावर नवऱ्याचा कोट,
हातात फावडं, आणि मघाच साफ झालेली पायवाट
पुन्हा साफ करतायत.
काच खाली केली. म्हटलं, आत जा, बोटं गळून पडतील.
म्हणाल्या, मी आत गेले की
त्यांच्या हातून चेंडू सुटतो.
हेन्री होता तेव्हा तोच मला बाहेर घालवायचा.
लाडानं म्हण. थोडं रागानंही.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरलो.
दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.
कुणी काही बोललं नाही.
समोरच्या घरात सगळ्या सावल्या एकदम उभ्या राहिल्या
आणि हलायच्या थांबल्या.
किक असणार.
तेवढ्यात वारा फिरला,
डाव्या गालावर सुईसारखा लागला,
आणि मला कळलं.
बाईंनाही कळलं असावं, त्यांनी कोटाची कॉलर वर केली.

आवाज आलाच नाही.
ओरडा नाही, शिवी नाही, फटाका नाही.
एका ओसरीवरचा दिवा गेला. मग शेजारचा.
एक माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर बाहेर आला,
आपल्या गाडीकडे बघत उभा राहिला,
जणू तिला काहीतरी विचारायचं होतं,
आणि आत गेला.

कितीचा असेल गं तो पोरगा, त्या म्हणाल्या.
बहुतेक हेन्रीच्या बहिणीशी बोलत होत्या,
ती वारून बरीच वर्षं झाली.
मी म्हटलं, चोवीस.
त्याची आई पाहत असेल, म्हणाल्या.
आणि पुन्हा फावडं चालवायला लागल्या.

त्यांच्या फाटकापुढचा ढीग माझ्या नकाशात नव्हता.
तरी लोटला. दोनदा.
वायरलेस खरखरला : पाहिलंस का रे?
नाही, म्हटलं.
डोलोरेस बराच वेळ बटण दाबून होती, नुसताच श्वास.
मग म्हणाली, पुलाकडे जा,
तिथं पुन्हा साचलंय.