सात की नऊ

हातिमभाई म्हणाले, नऊ फुटी घ्या, सगळीकडे चालते.
बोहरी आळीतलं दुकान: सुतळी, जाळी, शिशाच्या गोळ्या
आणि छताला टांगलेल्या चार फ्लाय रॉड,
ज्यांना वर्षाला दोन गिऱ्हाइकं.
त्यातली एक मी, आणि मीही नुसती विचारायला आलेली.

एप्रिलात हिमाचलला जायचंय. तीर्थन नावाची नदी.
तिथं ट्राउट आहे. आपल्याकडे नाही.
आपल्याकडे खडकवासल्याच्या काठाला चिलापी,
ती कणकेच्या गोळीला येते,
तिच्यासाठी कुणी फूटपट्टी काढत नाही.

नऊचं म्हणणं मला पटतं.
मोकळं पात्र, समोरून वारा,
दोर पाण्यावरून अलगद उचलायचा
आणि प्रवाहाच्या अंगानं पुन्हा मांडायचा,
तर हात लांब हवा.
सातचंही पटतं.
ओढ्याएवढी नदी, अंगावर आलेली झाडं,
मागं फेकायला जागा असेल तर देवाची कृपा.
साडेआठवाले मध्यममार्गी. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

भाऊंची नऊ फुटीच होती.
सॅपर्समधले भाऊ, काश्मीरला तीन वर्षं,
तिथं एका कर्नलच्या माश्या बांधता बांधता शिकले.
कोंबड्याचं पीस, रेशमाचा दोरा, आकड्याएवढा आकडा:
माशी आणि मासा, फरक एका मात्रेचा,
असं ते म्हणायचे, व्याकरण चुकवून.
खडकीला परतल्यावर
रविवारी मैदानावर, कोरड्यात,
दोराच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा,
कोपर सुटू नये म्हणून काखेत पंचांग.
पोरं विचारायची, काका, काय पकडताय?
मनगट, म्हणायचे.

भाऊ सहा फूट. मी पाच फूट एक.
हे गणित पहिल्यांदा गच्चीवर कळलं,
बिबवेवाडीत, चौथ्या मजल्याच्या वर,
त्यांची काठी, त्यांचंच जुनं पंचांग.
पुढची फेक बरी गेली.
मागच्या फेकीत लोखंडेबाईंचा परकर आला.
माशी शिंकली म्हणतात ती हीच.
त्यांना दोर सोडवून देताना
शेंडा दाराच्या कडीत अडकला
आणि वीतभर तुटला. आवाज अगदी बारीक.
मी तो तुकडा खिशात घातला, का ते माहीत नाही.

मग बुरूड आळीत गेले.
म्हटलं, बांबूच्या दोन काठ्या द्या, एक सात, एक नऊ,
आधी हाताला विचारते.
गजराबाईंनी कोयता थांबवला. उभी कुठं राहणार?
पाण्यात.
किती पाण्यात?
गुडघाभर.
म्हणजे आणखी बुटकी होणार तू. मग लांब घे.
आणि पाठीमागं काय?
झाडं. असतील बहुतेक.
मग तोकडी घे.
त्यांनी काठी हातानं मोजली, कोपरापासून बोटांपर्यंत,
पाच हात आणि वर चार बोटं, मग थांबल्या.
तू नदी बघितलीस का पण?
नाही.
आधी बघून ये की, म्हणाल्या,
आणि पैसे मात्र दोन्ही काठ्यांचे घेतले.

रिक्षात त्या मावेनात.
एका बाजूनं पुढं, दुसऱ्या बाजूनं मागं,
ड्रायव्हरनं टोकाला फडकं बांधलं,
स्वारगेटच्या सिग्नलला आरशातून विचारलं,
पडद्याच्या का?
हो म्हटलं.

काल सात फुटी मागवली. चुकलीही असेल.
तीर्थनला मोकळं पात्र निघालं
तर मी आखूड हातानं उभी असेन काठावर,
गुडघाभर पाण्यात, लाजत.
बांबूची नऊ फुटी लोखंडेबाईंनी मागून नेली.
उंच दांडीवर साडी टाकायला त्यांना
काठी पुरत नव्हती म्हणे.
सकाळी बघते तर परकर थेट वरच्या दांडीवर,
माझ्या मागच्या फेकीच्या कितीतरी वर.