कपाटाच्या पोटाखाली

ट्यूबलाइट पाठीमागे, उंच भिंतीवर.
चोवीस वर्षं मी माझ्याच सावलीत कांदा चिरला.
बोट कापलं की हे म्हणत, लक्ष कुठंय तुझं?

आज वाकोल्याचा डॉमनिक आला.
ओट्यावर पेपर पसरून उताणा झोपला,
डोकं सिंकपाशी, पाय गॅसकडे,
तोंडात दोन स्क्रू.
"वॉर्म की कूल, आंटी?"
म्हटलं, बोंबील ताजे की शिळे
ते कळेल असा लाव.

मग म्हणाला, "इथं काय तरी लिवलंय."
मीही वाकून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च धरून.
सुताराची पेन्सिल:
५ फूट ४, शेजारी एक बाण,
आणि फोन नंबर, सात आकडी.

"पट्टी बरोबर ह्याच्यावरच येते."
अर्धा इंच मागे घे.
"पुढं उजेड कमी पडेल."
पडू दे.

बटण दाबलं.
कडप्प्यावर सुरीचे ओरखडे,
मिक्सरमागे एक वाळका वाटाणा,
माझे हात, केवढे तरी माझे.
सावली मुकाट मागे सरली,
फ्रिजला टेकून उभी राहिली.

कोथिंबीर निवडून झाली होती सकाळीच.
पुन्हा निवडली.