तिसरा हात

डुलुथ. एप्रिल. सरोवरावर अजून बर्फ.
अर्व्होने भाड्याचं मशीन आणून
दोन दिवस स्वयंपाकघरातल्या मेपलच्या फळ्या घासल्या;
भुसा पापण्यांत, साखरेत, रेडिओच्या जाळीत.

सिंकपुढचा खळगा मात्र हटेना.
"आणखी घासलंस तर खिळे वर येतील,"
शेजारचा लुडविग गुडघे टेकून म्हणाला,
बोटाने खोली मोजत.
"सत्तेचाळीस वर्षं इल्मा इथेच उभी राहायची, नाही?"

व्हार्निशचा पहिला हात. दुसरा.
मधे वाळायची रात्र,
कॉफी न्हाणीघरात, बेसिनच्या काठावर.

तिसऱ्या हातानंतर दार ओढायचं राहिलं.
सकाळी चकाकत्या लाकडावर मांजरीची पावलं
थेट खळग्यापर्यंत,
तिथे अंग मुडपून बसल्याची खूण,
चार करडे केस.

अर्व्होने पॉलिशपेपर उचलला,
ठेवला,
आणि गोडेतेलाने
तिचे पंजे पुसत बसला.