जेवणाच्या सुट्टीतलं शून्य

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर एकोणीस.
मेन स्विच मीच खाली ओढलाय,
लेथ गार, पंखे थांबलेले.
तरी बॅटरीवरचा मीटर बरळतोय:
पॉइंट चार अँपिअर, पॉइंट सात, पॉइंट तीन,
तापातल्या पोरासारखा.

"एवरेज लई लो ने, बेन," जशुभाई म्हणतात.
घेता येईल. शंभर आकडे मिळवा, शंभराने भागा,
रेघ सुतासारखी सरळ.
पण बंद लेथचं बिल
कुठल्या सरासरीने भरायचं?

सेन्सरच्या तारांची वेणी घातली.
मोठ्या केबलपासून वीतभर लांब सारली.
एक कपॅसिटर डकवला.
बरळणं हळू झालं, थांबलं नाही.

आणि दीड वाजता
एकदम
शून्य.

मी हात लावला नव्हता. डबा उघडत होते.
पलीकडे शेड वीसमध्ये
वेल्डिंगवाले जेवायला बसले होते.

दोनला ते उठले. आकडा उठला.

मग शिल्डची तार बोटांनी चाचपत गेले:
एक टोक पॅनेलच्या अर्थिंगला,
दुसरं, कुणी कधी बांधलं देव जाणे, खांबाला.
दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात;
हा शेजारचं खाऊन ढेकर देत होता.

खांबाकडचं टोक कापलं. वर टेप.
पलीकडे ठिणग्या उडत होत्या
आणि इकडे शून्य, शून्य, शून्य.
शेवटचा आकडा एकदाच लुकलुकला,
तेवढं चालवून घेतलं.

संध्याकाळी आईचा फोन. काय केलंस दिवसभर?
म्हटलं, शून्य.
ती म्हणाली, बरं, शेवटची बस चुकवू नकोस.