एक रिंग

फिलोमिना गोराईची, खाडीपलीकडची.
पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्यात
पॅकिंगला माझ्या डाव्या हाताला बसायची,
पुडा दुमडताना जिभेचं टोक बाहेर काढून.

ओव्हरटाइम सुटला की तिला बोट गाठायची असे,
मला नुसत्या दोन गल्ल्या.
मीच म्हटलं, पोचलीस की एक रिंग दे.
उचलणार नाही. पैसे नकोत जायला.
जेट्टीजवळच्या दुकानात फोन होता,
एका रिंगचे तो काही घेत नसे.

पुढे कारखाना बंद झाला.
पत्रे गेले, भट्ट्या गेल्या,
संध्याकाळी गल्लीभर पसरणारा तो गोड वासही गेला.
तिला कुठून कुठे पोचायचं उरलं नाही.
तरी रात्री नऊ वीसला
एकदा वाजायचा. बंद.
आमचे हे ताटावरून म्हणायचे,
"पोचली गं तुझी गोराई."

हे गेले त्या रात्री दोनदा वाजला.
तिला कुणी सांगितलं, मी कधी विचारलं नाही.

यंदा नाताळानंतर वाजेना.
पहिले दोन दिवस म्हटलं, रेंज नसेल.
मग म्हटलं, रिचार्ज संपला असेल.
पाचव्या दिवशी मला रागच आला,
सांगायला काय होतं हिला?
नवव्या दिवशी फोन हातात घेतला
तर तिचं नाव खाली, खाली, आणखी खाली,
सगळीकडे लाल अक्षरांत.
मी केलेला एकही नाही.

"हात मोडलाय गं, प्लास्टर आहे," ती म्हणाली.
मागे कोंबड्या ओरडत होत्या.
"म्हणजे डावा. उजवा आहे चांगला.
पण म्हटलं, बघू."

काय बघू, ते ती बोलली नाही.
मी मीठ शोधत असल्यासारखी
ओट्यावरचे डबे उघडून झाकत राहिले.
अठ्ठावीस वर्षं नुसतं ऐकलं होतं मी,
आणि त्यालाच गाठभेट समजत होते.

दुसऱ्या दिवशी नऊ वीसला मी लावला.
एक रिंग, आणि कापणार
तेवढ्यात तिने उचलला.
"काय झालं?"
"काही नाही. पोचले."
"कुठे गेलेलीस?"
"स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत."

हसली. प्लास्टर दुखेपर्यंत हसली.
"उचलायचं नसतं गं," म्हणाली,
आणि ठेवला नाही.